वीतभर वायर आणि चोवीस हजार रुपये

ज्यांच्याकडे जुना बेस ॲम्प (बेस गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) आहे आणि तो सध्या कुरकुरतोय, त्यांनी तो कुणाच्या टेबलावर नेऊन ठेवण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहितोय. मी २५ वर्षांहून अधिक काळ ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. नोकरी सांभाळून वाजवतो, पण वाजवणं हा माझ्यासाठी फावल्या वेळचा उद्योग कधीच नव्हता.

माझा ॲम्प होता पीव्ही कंपनीचा टीएनटी, १५ इंची स्पीकरचा, एकाच पेटीत सगळं असलेला. १९९८ साली घेतला. बहारीनच्या एका हॉटेलात बँडमध्ये वाजवणारे एक गृहस्थ कायमचे मुंबईला परतले, त्यांच्याकडून १८ हजारांना. माझ्या चार महिन्यांच्या पगाराचे पैसे होते ते. दोघांनी मिळून उचलावा असा जड. डोंबिवलीहून लोकलच्या मालडब्यातून तो मी दादरला नेलाय, परळला नेलाय, पावसात प्लास्टिक गुंडाळून अलिबागला नेलाय. दर खंडेनवमीला त्याच्या हँडलपाशी हळदकुंकू वाहिलं जायचं आणि ते तिथल्या काळ्या कापडात इतकं मुरलं होतं की पुसूनही जात नव्हतं. हे हळदकुंकू पुढे महत्त्वाचं आहे.

गेल्या वर्षी गणपतीच्या तीन आठवडे आधी प्रॅक्टिसला आवाज दबायला लागला. बंद दारामागून कुणी बोलावं तसा. मग मधेच पूर्ववत व्हायचा. जाडी तार जोरात छेडली की भक्कन मोकळा व्हायचा, पेटीवर थाप मारली तरी व्हायचा. जळका वास नाही, फ्यूज गेला नाही, घरघर नाही. खरं तर या लक्षणांतच उत्तर होतं. मला ते वाचता आलं नाही.

आमचा नेहमीचा दुरुस्तीवाला गावी गेला होता. कुणीतरी कल्याणकडच्या एकाचं नाव सुचवलं. नाव मी इथे लिहीत नाही. दुकान चकचकीत, दुरुस्तीही करतो, जुना माल घेतो, नवा विकतो. एकाच माणसाने तिन्ही कामं करण्यात काय धोका आहे, हे तेव्हा माझ्या मनात आलंसुद्धा नाही. उघडून बघण्याचे ५०० रुपये त्याने आधीच घेतले. पावती मागितली तर हसून म्हणाला, “दादा, तुम्ही कलाकार माणसं, तुमच्याशी कसली पावती!” मला बरं वाटलं ते ऐकून.

आठ दिवस गेले. मी रोज फोन करायचो, तो रोज “उद्या बघतो” म्हणायचा. नवव्या दिवशी त्यानेच फोन केला. पॉवर सेक्शन गेलाय, ट्रान्सफॉर्मर जळलाय, अमेरिकन मॉडेल ११० व्होल्टचं असतं, आपल्या करंटवर इतकी वर्षं चाललं हेच नशीब. दुरुस्तीला १४ हजार, तेही गॅरंटीशिवाय, आणि पार्ट येईपर्यंत दोन महिने.

माझ्या ॲम्पच्या मागच्या पट्टीवर २२०-२४० व्होल्ट असं छापलेलं होतं. आखातातून आलेला होता तो, तिथेही करंट साधारण आपल्यासारखाच. हे मला पाठ होतं. तरी मी फोनवर बोललो नाही. तो इतक्या खात्रीने बोलत होता की मलाच वाटलं, आतलं काही वेगळं असेल. त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं, “मी येतो, जळालेला ट्रान्सफॉर्मर मला दाखवा.” नाही म्हणालो.

पुढचं सगळं एका संध्याकाळीत झालं. दुकानात गेलो तेव्हा माझा ॲम्प मागच्या खोलीत होता आणि समोर एक नवा ॲम्प लावून ठेवलेला होता. ३०० वॉट, १२ इंची, निम्म्या वजनाचा. किंमत २८ हजार. “तुमचा भंगारातच जाणार, पण जुनं गिऱ्हाईक समजून ४ हजार वजा करतो.” मी त्याचं जुनं गिऱ्हाईक नव्हतोच. पाच दिवसांवर पहिला कार्यक्रम, मंडळाची आगाऊ रक्कम घेतलेली, कीबोर्डवाला आणि ऑक्टोपॅडवाला फोनवर फोन करतायत. मी २४ हजार दिले. दहा हजार यूपीआयने, तेही त्याच्या बायकोच्या खात्यावर, आणि १४ रोख. पक्कं बिल नको, जीएसटी वाचेल, असं तो म्हणाला आणि मी मान हलवली. वर एका चिठ्ठीवर सही केली. ‘जुना ॲम्प बंद अवस्थेत, ४००० वजा.’ ‘बंद अवस्थेत’ हे दोन शब्द मी स्वतःच्या सहीने त्याच्या पदरात टाकले.

नवा ॲम्प घरात छान वाजला. घरात सगळेच ॲम्प छान वाजतात. मंडपात, मोकळ्यावर, ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या बरोबरीने तो उभाच राहिना. बेसची सगळ्यात जाडी तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर निघतो. तो सूर मोठ्याने द्यायचा तर स्पीकरला बरीच हवा ढकलावी लागते आणि मागे तेवढी ताकद लागते. हा फडफडायला लागला. आवाज कमी केला तर गाणाऱ्या ताई मागे वळून “बेस कुठे गेला?” असं खुणेने विचारायच्या. नंतर मागची पट्टी नीट वाचली. समोर स्टिकर ३०० वॉटचा आणि मागे वीज घेण्याची क्षमता १२० वॉट. जो ॲम्प भिंतीतल्या सॉकेटमधून १२० वॉट घेतो, तो स्पीकरला सतत ३०० वॉट देऊच शकत नाही. हे गणित चौथीतल्या पोराला सुटेल. पण दुकानात उभं असताना मागची पट्टी वाचायचं सुचायला हवं. नवा ॲम्प घेताना वॉटच्या आकड्यापुढे ‘आरएमएस’, म्हणजे सतत देता येणारी ताकद, असं लिहिलंय का ते बघा. ‘पीएमपीओ’ (क्षणापुरता फुगवलेला आकडा) किंवा नुसता मोठा आकडा असेल तर त्यावर पैसे मोजू नका.

नवरात्रात, सप्तमीला, दुसऱ्या एका ग्रुपचा गरबा ऐकायला गेलो होतो. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यातून बेस यायला लागला आणि मी चालता चालता थांबलो. ज्या आवाजासोबत इतकी वर्षं काढली, तो ओळखायला बघावं लागत नाही. तरी मध्यंतरात वर गेलो. हँडलपाशी काळ्या कापडात पिवळसर लाल डाग. माझ्याच घरातलं हळदकुंकू.

बेसवाला विशीतला पोरगा. त्याने तो महिनाभरापूर्वी ३२ हजारांना घेतला होता, त्याच दुकानातून. मी काही न बोलता मागे वाकून बघितलं. पेटीच्या मागे दोन जॅकमध्ये वीतभर लांबीची एक वायर लावलेली होती, एका भोकातून निघून शेजारच्या भोकात गेलेली. विचारलं तर तो म्हणाला, “काका, ही काढायची नाही म्हणून सांगितलंय. काढली की आवाज जातो.”

त्या वायरीचा अर्थ मला मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या, एका जुन्या मेकॅनिककाकांनी समजावला. कागदावर चित्र काढून दाखवलं. ते इथे सविस्तर सांगतो, कारण माझे २४ हजार नेमके याच ठिकाणी गेले.

ॲम्पच्या आत दोन भाग असतात. पहिला प्रीॲम्प, म्हणजे तुम्ही जी बटणं फिरवता तो. दुसरा पॉवर ॲम्प, स्पीकर हलवणारा. अनेक ॲम्पमध्ये या दोघांच्या मध्ये मागच्या बाजूला दोन जॅक असतात, ‘प्रीॲम्प आउट’ आणि ‘पॉवर ॲम्प इन’. काहींवर ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ लिहिलेलं असतं. तिथे काहीही लावलेलं नसतं तेव्हा जॅकमधली एक छोटी पितळी पट्टी दुसरीला टेकते आणि सिग्नल तिच्यावरून पुढे जातो. वर्षानुवर्षं त्या जॅकमध्ये कुणी काही घातलं नाही आणि हवा आपल्या मुंबई-कोकणासारखी दमट असली, की पट्टी काळी पडते. मग सिग्नल अडतो. जोरात छेडलं किंवा थाप मारली की पट्टी क्षणभर टेकते, पुन्हा सुटते. दोन जॅकमध्ये बाहेरून वायर घातली की सिग्नलला पट्टीवरून जावंच लागत नाही. आवाज पूर्ण परत येतो.

काका म्हणाले, “जळलेला ट्रान्सफॉर्मर थाप मारून बरा होत नाही रे बाबा.”

म्हणजे त्या माणसाने माझ्या ॲम्पमध्ये काहीही केलं नव्हतं. जॅक साफ करायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. वायर लावली, चार हजारांत घेतलेली वस्तू बत्तीस हजारांना विकली आणि त्याच धंद्यात मला वर एक नवा ॲम्प खपवला.

तुमच्या ॲम्पचा आवाज असा मधूनमधून दबत असेल तर आधी घरी हीच वायर लावून बघा. गिटारला लागते तशीच साधी केबल चालते. लांब असली तरी चालते. पेटी उघडायची गरज नाही. उघडूही नका. बंद करून प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो आणि व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पमध्ये तो जिवावर बेतण्याइतका असतो.

घरघर होत असेल तर काकांनी सांगितलेली एक युक्ती बेसवाल्यांच्या हातातलीच आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. ॲम्पच्या आतले मोठे कपॅसिटर वाळले की घरघर येते ती १०० हर्ट्झची, म्हणजे आपली सगळ्यात बारीक मोकळी तार, ‘जी’ (G) सुराची, तिच्या किंचित वर, कारण ती ९८ हर्ट्झची. घरघर त्याच्या एक सप्तक खाली, जाड्या तारेच्या तिसऱ्या पट्टीवरच्या (फ्रेटवरच्या) सुराजवळ असेल, तर आधी केबल, अर्थिंग आणि गिटारच तपासा. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही घरघर तशीच राहिली तर संशय पॉवरच्या बाजूवर जातो. एवढं माहीत असलं की दुकानात तोंड उघडता येतं. स्पीकर गेलाय असं कुणी म्हणालं तर मल्टिमीटर लावायला सांगा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ दाखवतो, ४ ओहमचा तीनच्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय, आणि तीही नवीन बसवून मिळते.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा, याबद्दल माझं मत आता पक्कं आहे. जुन्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पमध्ये पार्ट मोठे, पायांचे, सुटे होणारे असतात. कपॅसिटर, जॅक, पॉट (फिरवायच्या बटणांमागचे पार्ट), आउटपुट ट्रान्झिस्टर, सगळं लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधलं तर मिळतं किंवा त्याला पर्याय मिळतो. ट्रान्सफॉर्मर खरंच जळला असेल तरी वाइंडिंग करून देणारे आहेत. हलक्या डिजिटल ॲम्पचं तसं नसतं, तिथे पार्ट तांदळाच्या कणीएवढे आणि बहुतेकदा सबंध बोर्डच बदलावा लागतो. नवा घ्यायचं प्रामाणिक कारण म्हणजे पाठ. दोन-तीन किलोचं डिजिटल हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) खांद्याला लावून जिना चढता येत असेल आणि तुमची कंबर दुखत असेल, तर जरूर घ्या. पण ते तुम्ही ठरवा, तुमचा जुना ॲम्प ज्याला विकत घ्यायचाय त्याने नव्हे. आणि जुना विकायचाच असेल तर आधी दुसऱ्या माणसाकडे उघडून घ्या, नवा तिसरीकडे बघा.

मी परत त्या दुकानात गेलो. तो म्हणाला, “मी आतला बोर्ड बदललाय.” जुना बोर्ड दाखवा म्हटलं, तर टाकून दिला. माझ्याकडे आतला फोटो नव्हता, सीरियल नंबर लिहिलेला नव्हता, देताना पेटीत काय काय होतं याचा एकही कागद नव्हता. ॲम्प दुरुस्तीला देण्याआधी मोबाइलवर मागचे-पुढचे फोटो, नंबरची पट्टी आणि दिसत असेल तर स्पीकरच्या मागचं लेबल एवढं काढून ठेवा. पावतीवर ‘बदललेले पार्ट परत द्यावेत’ हे वाक्य लिहून घ्या. आमच्या ग्रुपमध्ये एकाचा मूळ स्पीकरच काढून दुसरा बसवलेला निघाला होता, आणि तेही त्याला दोन वर्षांनी कळलं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पण माझ्या हातात फक्त दहा हजारांची यूपीआयची नोंद आणि माझ्या सहीची ती चिठ्ठी. हेल्पलाइनवर तक्रार गेल्यावर दुकानदाराचा फोन आला, ६ हजार देतो, तक्रार मागे घ्या म्हणून. मी घेतलेले नाहीत. कागद जमवतोय. त्या बेसवाल्या पोरानेही दुकानदाराने त्याला काय सांगून विकलं ते लिहून द्यायचं कबूल केलंय.

ॲम्प मी त्या पोराकडून मागितला नाही. त्याने स्वतःच्या कमाईतून पैसे मोजलेत, त्याची काही चूक नाही. त्याला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो. काकांनी दोन्ही जॅक नवीन बसवले, पॉट साफ केले, स्पीकर मूळचाच आहे हे तपासून दिलं आणि सगळ्याचे ९०० रुपये घेतले. पावतीसकट. येताना त्या पोराने ती वीतभर वायर माझ्या हातात ठेवली. ती आता माझ्या गिटारच्या बॅगेत असते. कुणाचा ॲम्प स्टेजवर असा मधेच दबला, तर लावून बघायला दोन मिनिटं लागतात.