मुंबईतील एका सरकारी सुरक्षा क्लिनिकचा अनुभव

गेल्या महिन्यात एका तृतीयपंथी मैत्रिणीला सोबत म्हणून मी शहरातील एका सरकारी रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये गेले होते. लैंगिक संसर्गांची तपासणी व उपचार येथे विनामूल्य होतात, आणि शेजारच्याच खोलीत एचआयव्ही चाचणी व समुपदेशन केंद्र आहे. समुपदेशक ताईंनी तिला तिने निवडलेल्या नावानेच हाक मारली, चाचणीपूर्वी संमती घेतली, आणि पहिल्या चाचणीत संसर्ग दिसला तरी आणखी दोन वेगळ्या चाचण्यांनंतरच निदान केले जाते, हे शांतपणे समजावले. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमती व गोपनीयता बंधनकारक केली आहे. येथे ती प्रत्यक्ष पाळली जाताना पाहून मला फार बरे वाटले.

उणीव आहे ती नशेच्या प्रश्नाबाबत. अर्जात केवळ सुईने घेतलेल्या नशेची नोंद होती. दारूविषयी, किंवा शरीरसंबंधांच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या एमडीविषयी, म्हणजे मेफेड्रोनविषयी, कोणीही विचारले नाही. वास्तविक नशेत निरोध वापरण्याचे भान सुटते, आणि हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेसाठी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रांत मिळते, तसे मेफेड्रोनसाठी कोणतेही पर्यायी औषध नाही. म्हणूनच येथे समुपदेशनाची गरज अधिक आहे.

केसपेपरच्या रांगेत मात्र तिचे जुने नाव सर्वांसमोर मोठ्याने पुकारले गेले. तरीही पुढच्या तपासणीला आम्ही येथेच येणार आहोत. चाचणीपूर्वी फोनवर माहिती हवी असल्यास १०९७ ही निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.