उपजिल्हा रुग्णालयातल्या तज्ज्ञांच्या जागा: एमपीएससी, करार, बंधपत्र की ऑन-कॉल?

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत 'तज्ज्ञ डॉक्टर मिळावेत' असा ठराव होतो, वर जातो आणि तिथेच राहतो. कोणता तज्ज्ञ, कुठल्या मार्गाने आणि किती काळासाठी हवा, हे त्यात लिहिलेलंच नसतं. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या उपजिल्हा रुग्णालयासाठी तुम्ही पाठपुरावा करणार असाल, तर आधी हे ठरवून घ्या. प्रत्येक मार्गाला एकच प्रश्न विचारा: रात्री दोन वाजता डोंगरातल्या वाडीवरून अडलेली बाई आली, तर सिझर इथे होईल की १०८ बोलवावी लागेल?

सिझरला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे तिघं लागतात, शिवाय रक्तसाठवणुकीची सोय. प्रथम संदर्भ रुग्णालय म्हणवून घ्यायचं तर हे चोवीस तास हवं, असं केंद्राचे निकषच सांगतात. तिघांत भूलतज्ज्ञ नसेल तर उरलेल्या दोघांचे हात बांधले जातात. सर्जन आणि हाडांचे डॉक्टरही बसून राहतात. म्हणून रिकाम्या जागा चार असोत की सहा, माझ्या मते पहिली मागणी भूलतज्ज्ञाचीच असावी.

कायम भरती एमपीएससीमार्फत होते. मागणीपत्र, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची याची यादी), जाहिरात, मुलाखत, शिफारस, मग पडताळणी आणि नियुक्तीचा आदेश. यात सहज वर्ष निघून जातं. आदेश निघाला तरी माणूस हजर होईलच असं नाही. खासगीत मिळणारा पैसा आणि तालुक्याच्या गावातली राहणी यांचा हिशोब प्रत्येक डॉक्टर करतो. पूर्वी पेन्शन हे मोठं आकर्षण होतं. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांसाठी ते तसं राहिलं नाही. तरीही विभाग उभा राहतो तो कायम माणसामुळेच. औषधांची मागणी, यंत्राच्या दुरुस्तीचा पाठपुरावा, अपंगत्वाचे दाखले, कोर्टाच्या तारखा, नव्या डॉक्टरला हाताशी धरून शिकवणं ही कामं अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस अंगावर घेत नाही, आणि त्याने ती का घ्यावीत?

करार म्हणजे मुख्यतः राष्ट्रीय आरोग्य अभियान. २००५ पासून हा मार्ग आहे आणि याचा वेग खरोखर चांगला आहे. 'तुमचा दर सांगा, आम्ही देऊ' या पद्धतीने तज्ज्ञांना बाजाराच्या जवळपासचं मानधन देता येतं. भूलतज्ज्ञासाठी मी हीच वाट आधी धरेन, कारण सहा महिने वाट बघण्याची किंमत रस्त्यात अडकलेल्या बायका मोजतात. अडचणी दोन. निधी रखडला की मानधन रखडतं आणि तिसऱ्या महिन्यात डॉक्टर निघून जातो. दुसरी, शेजारच्या खोलीत वीस वर्षं सेवा झालेला कायम तज्ज्ञ कमी पगारावर तेच काम करत असतो. त्याला वाईट वाटतंच. अधीक्षकांनी हे आधीच त्याच्याशी बोलून घ्यावं.

बंधपत्राचा मार्ग सर्वांत स्वस्त दिसतो. शासकीय महाविद्यालयातून एमडी, एमएस झालेल्यांना एक वर्ष सेवा द्यावी लागते, नाहीतर मोठी रक्कम भरावी लागते. मिरजेचं शासकीय महाविद्यालय १९६२ पासूनचं, सातारचं २०२१-२२ चं. तेव्हा मुलं आपल्याच भागात तयार होतात असं वाटेल. पण त्यातले बरेच जण बंधपत्राचं वर्ष महाविद्यालयातच वरिष्ठ निवासी म्हणून काढतात. आलेला डॉक्टर ताज्या ज्ञानाचा आणि कामाचा असतो, पण नुकताच पास झालेला. त्याच्या वर विचारायला ज्येष्ठ कोणी नसेल, तर अवघड केस तो रेफर करणार. त्यात त्याचा दोष नाही. जिल्हा निवासी कार्यक्रमात तीन महिन्यांसाठी येणारे पदव्युत्तर विद्यार्थी तर शिकायलाच येतात. त्यांना भरलेल्या जागेत मोजू नका.

ऑन-कॉल तज्ज्ञ कराड, सांगलीसारख्या ठिकाणी मिळतात. दहिवडी, आटपाडीकडे फार थोडे. हर्नियाची यादी, कुटुंबनियोजनाचं शिबिर अशा ठरलेल्या कामांना ही सोय उत्तम. रात्री मात्र त्यांचा स्वतःचा दवाखाना आधी येतो. शिवाय सकाळी पेशंटच्या पोटावरची पट्टी बघायला कोण येणार? हा मार्ग घ्यायचाच तर केसच्या मानधनासोबत नुसतं उपलब्ध राहण्याचेही पैसे द्या आणि किती मिनिटांत पोहोचायचं ते करारात लिहा.

प्रतिनियुक्ती मागू नका. शेजारच्या तालुक्याचा डॉक्टर इकडे आला की जिल्ह्यात तज्ज्ञ तेवढेच राहतात.

पत्र कुठे जातं, तेही बघा. उपजिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाची; साताऱ्याची फाइल पुण्याच्या उपसंचालकांकडे जाते, सांगलीची कोल्हापूरच्या. सांगलीचं सिव्हिल मात्र मिरजेच्या महाविद्यालयाशी जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याचं. तिथल्या प्राध्यापकांच्या जागांसाठी आरोग्य खात्याला निवेदन देऊन काही साधत नाही.

लांबचा विचार करायचा तर राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या दोन वर्षांच्या पदविका बघा. २०२० पासून भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग यांत त्या आहेत. खाटा आणि पूर्णवेळ ज्येष्ठ तज्ज्ञ यांच्या अटी पुऱ्या करणाऱ्या मोठ्या रुग्णालयालाच त्या मिळतात, पण मिळाल्या की रात्री वॉर्डात शिकणारा डॉक्टर असतो आणि शिकवण्याच्या ओढीने ज्येष्ठही टिकतो. एक धोका लक्षात असू द्या: वैद्यकीय शिक्षकांच्या पात्रतेच्या २०२५ च्या नव्या नियमांनी किमान २२० खाटांच्या शासकीय रुग्णालयातल्या दहा वर्षांच्या अनुभवी तज्ज्ञाला सहयोगी प्राध्यापक होण्याची वाट मोकळी केली आहे. अशा मोठ्या रुग्णालयातला चांगला माणूस महाविद्यालय ओढून नेऊ शकतं.

मी ठराव लिहिला तर असा लिहीन: कायम जागांचं मागणीपत्र आजच, भूलतज्ज्ञ कराराने, मानधनाची तारीख ठरवून, बंधपत्रित डॉक्टर ज्येष्ठ तज्ज्ञ हजर असलेल्या विभागातच, ऑन-कॉल फक्त ठरलेल्या शस्त्रक्रियांना. त्याच पानावर निवासस्थानाचं कलम हवं. गळकं छप्पर आणि दोन दिवसांआड पाणी असेल तर कोणताही आदेश टिकत नाही. डॉक्टर जोडप्यांना मुद्दाम विचारा. एक भूलतज्ज्ञ आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ असं घर गावात राहायला आलं, तर सिझरची निम्मी अडचण सुटते.