डावीकडं बसलेली पिकअप: नवे पाटे, नवे बुश आणि एक पावसाळा

गाडी सव्वा टन वर्गातली. मागं पाटे (वजन पेलणाऱ्या कमानदार स्टीलच्या पट्ट्यांचा थर, लीफ स्प्रिंग), पुढं टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी). काम भाजीपाल्याचं: बेळगावातनं चोर्ला घाटानं गोव्याला, हंगामात रताळी, मधेमधे खानापूरकडच्या विटा-कौलांचं भाडं. रिकामी उभी असली तरी डाव्या अंगाला बसलेली दिसायची. मागचे दोन्ही पाट्यांचे सेट, सगळे बुश (पाट्याच्या टोकांतल्या रबरी नळ्या), शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी), यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) आणि सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधल्या भोकातून जाणारा) एकदम बदलले. त्यावर आता खानापूर पट्ट्यातला पूर्ण पावसाळा निघाला. गाडी सरळ आहे. मात्र ती सरळ टिकण्यात नव्या पाट्यांपेक्षा बुश आणि बोल्टच्या कामाचा वाटा मोठा आहे, आणि गॅरेजमध्ये नेमकं तेच काम घाईत उरकलं जातं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

झुकाव डोळ्यानं ठरवू नये. पाणी निघून जावं म्हणून रस्ते कडेला उतरते केलेले असतात, त्यामुळं कडेला लावलेली धडधाकट गाडीसुद्धा डावीकडं कललेली दिसते. सपाट काँक्रीट गाठा. पुढच्या दोन टायरांत हवा सारखी, मागच्या दोनांत सारखी, आणि टायरचं माप एकच आहे ना बघा. हौदा रिकामा करा, जॅक, दोर, टूलबॉक्स बाहेर काढा. पुढचं माप हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायचं. जमिनीपासून घेतलं तर टायरची झीज त्यात मिसळते. मागं हौद्याची कड धरू नका, चेसिसपासून ॲक्सलच्या नळीपर्यंत मोजा. हौद्याखालचे रबर एका बाजूला दबले असतील तर चेसिस सरळ असूनही हौदा कललेला दिसतो आणि खर्च होतो पाट्यांवर.

डाव्या-उजव्या मापात 10 मिलिमीटरपर्यंतचा फरक सोडून द्यावा. डिझेलची टाकी, बॅटरी, सगळं कुठल्यातरी एका बाजूला असतंच. 20 च्या वर गेला की कारण शोधायचं. या गाडीत मागं 38 आणि पुढं 17 मिलिमीटरचा फरक होता.

पुढंही फरक दिसला की बरेच जण लगेच टॉर्शन बारचा बोल्ट पिळायला घेतात. तिथंच थांबवा. मागचा एक कोपरा खाली गेला की चेसिस पुढच्या कोपऱ्यालाही त्याच अंगाला ओढते, त्यामुळं आधी दोष कुठल्या टोकाचा ते ठरवायला हवं. मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्याखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावा आणि दोन्ही टायर जमिनीवरून जेमतेम सुटतील इतकंच उचला. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, चेसिसखाली सुरक्षेसाठी स्टँड (पण टेकवायचे नाहीत), आणि गाडीखाली कुणी जायचं नाही. आता मागचा भाग एका टेकूवर आहे, त्याला डावं-उजवं राहिलं नाही. पुढची मापं सारखी झाली तर दोष मागं, झुकाव तसाच राहिला तर दोष पुढं. खात्रीसाठी उलटंही करा: पुढच्या क्रॉसमेंबरच्या (चेसिसच्या आडव्या पट्टीच्या) मध्याखाली जॅक लावून मागची मापं. इथं मागं उचलताच पुढचा 17 चा फरक 4 वर आला. टॉर्शन बारला हात लावायचं कारणच उरलं नाही. मागच्या दोषासाठी पुढचा बार पिळला असता तर गाडी दिसायला सरळ झाली असती, पण समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांवर जादा वजन गेलं असतं. मग ब्रेक मारला की गाडी ओढते आणि टायर एका कडेनं खातात.

शॉकअप बदलूनही झुकाव जात नाही. शॉकअप उसळी आवरतो, वजन पाटेच उचलतात.

बाहेरून दोन्ही सेट अखंड दिसत होते. डावा सेट उतरवून सुटा केल्यावर दुसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून तुटलेला निघाला. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग काळपट तांबडा आणि शेवटची बोटभर पट्टी तेवढी चकचकीत. म्हणजे चीर फार आधीपासून वाढत होती, शेवटचा भाग अलीकडं गेला. तुटण्याची जागाही बोलते. यू-बोल्ट घट्ट असतील तर त्यांच्या प्लेटखालचा भाग वाकतच नाही, पाटा सहसा प्लेटच्या बाहेर तुटतो. भोकातून तुटला तर यू-बोल्ट ढिले चालले होते असं समजा. मेन पाट्याच्या (सेटमधल्या सगळ्यात लांब पाट्याच्या) दोन्ही टोकांच्या गोलांतून सुतळी ताणून मधलं अंतर मोजलं, तर डाव्याची कमान उजव्यापेक्षा 20 मिलिमीटरनं उतरलेली. आपल्याकडं डावी बाजूच आधी बसते यात नवल नाही. उतार डावीकडं, समोरून गाडी आली की साईडपट्टीवर उतरतं ते डावं चाक, आणि पाण्याखाली लपलेले खड्डेही त्याच कडेला.

इथं तीन सल्ले हमखास मिळतात. पहिला, डावीकडं एक जादा पाटा घाला. उभी गाडी सरळ दिसते, पण दोन्ही बाजूंचा कडकपणा वेगळा होतो आणि भरलेली गाडी वळणावर एका अंगाला वेगळी वागते. घाटात हे चालणार नाही. दुसरा, जाड पाटा टाका. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो: 7 मिलिमीटरच्या जागी 8 चा पाटा घातला तर तो एकटा पाटा जवळजवळ दीडपट कडक होतो. एका मिलिमीटरनं एवढा फरक पडतो हे दुकानात कुणी सांगत नाही. तिसरा, गॅसनं लाल करून कमान मारून (पाट्याला पुन्हा बाक देऊन) घ्या. स्प्रिंग स्टीलला ताकद येते ती ठराविक तापमानाला तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा हलकं तापवून. नुसता लाल करून हवेत गार केलेला पाटा मऊ पडतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो. पाटे शाबूत असतील तर गार अवस्थेत कमान मारणं चालतं. तुटलेल्या सेटला तेही नको. म्हणून जोडी बदलली, मूळ मापाचीच, पाट्यांची संख्याही तीच.

बसवताना जपण्याच्या गोष्टी. बुश हातोड्यानं ठोकू नका, प्रेसवर बसवून घ्या. बेळगावातल्या ऑटो नगर, उद्यमबाग भागात प्रेस असलेलं गॅरेज मिळतं. रबरी बुशला ग्रीस किंवा ऑइल नाही, साबणाचं पाणी पुरे. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे, नाहीतर ॲक्सल सरकून गाडी तिरकी चालते. काम झाल्यावर दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत मोजा. 5-6 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, ते ताणलेले असतात. चारही नट समोरासमोर, थोडे थोडे करत, टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शॅकल आणि मेन पाट्याच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. रबरी बुश आवळलेल्या जागी पकड घेतो आणि पुढं तिथूनच पिळला जातो. लटकत्या अवस्थेत आवळला तर गाडी खाली येताच तो पिळलेल्या स्थितीत राहतो, गाडीला वर ढकलतो आणि लवकर फाटतो. एका बाजूला असं आणि दुसऱ्या बाजूला तसं झालं, तर नव्या पाट्यांवरही गाडी झुकते. चाकं जमिनीवर टेकवा, हौद्यावर चढून गाडी दोन-चार वेळा दाबा, मग आवळा. मेकॅनिकजवळ उभं राहून हे करून घेतलं.

मागची उंची बदलली की ब्रेककडंही बघावं लागतं. मागच्या ॲक्सलला दांडी जोडलेला ब्रेक व्हॉल्व्ह असेल, तर तो उंचीवरून वजन ओळखतो आणि मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. गाडी उंच झाली की त्याला रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीला मागचे ब्रेक कमी लागतात. दांडी मॅन्युअलप्रमाणं जुळवली, हेडलाइटची दिशा पुन्हा जुळवली, व्हील अलाइनमेंट केलं.

आता वापरानंतरचं. नवे पाटे सुरुवातीला थोडे बसतातच. दोन्ही बाजू साधारण 8 मिलिमीटरनं, जवळजवळ सारख्याच बसल्या. काम झालं त्या वेळी मागं फरक 4 होता, पावसाळ्यानंतर 7. हे समाधानकारक आहे. पहिल्या 100-200 किलोमीटरनंतर यू-बोल्ट तपासले, तर प्रत्येक नटनं जवळजवळ पाव फेरा घेतला. पाट्यांमधला रंग दबून जागा सुटते, म्हणून ही तपासणी टाळू नये. हजार किलोमीटरच्या तपासणीत काहीच सरकलं नव्हतं, आणि मागचे टायर आता सारखे झिजतायत. भरलेली गाडी चोर्ल्याच्या वळणांत दोन्ही अंगांना सारखीच वाकते. हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

न आवडलेलं: रिकामी गाडी आधीपेक्षा जास्त आदळते. पाट्यांच्या टोकांशी असलेले प्लास्टिकचे तुकडे पावसात निघून गेले आणि कुरकुर सुरू झाली. तांबड्या चिखलानं टोकांकडचा रंगही गेलाय. कुरकुरीवर वापरलेलं इंजिन ऑइल ओतायची पद्धत आहे. ते बुशवर ओघळतं, रबर फुगवतं आणि धूळ धरून ठेवतं. पाटे पाण्यानं धुऊन, वाळवून, फक्त टोकांना ग्रॅफाइट ग्रीस लावलं. आवाज गेला.

पाटे, बुश, बोल्ट सगळं नीट असूनही गाडी झुकत असेल, तर चेसिसचे कर्ण मोजा: एका बाजूच्या पुढच्या ठराविक भोकापासून दुसऱ्या बाजूच्या मागच्या भोकापर्यंत, मग उलट. दोन्हींत स्पष्ट फरक निघाला तर पाट्यांवर पैसे घालू नका. शॅकलचा हँगर चेसिसला जिथं रिव्हेटनं धरलाय तिथला चिखल ब्रशनं खरवडून भिंगानं चीर बघा. विटा वाहणाऱ्या गाड्यांत ती तिथं सापडते.