पूर ओसरल्यावर: दारात आलेला माणूस की फोनवरचा समुपदेशक?

नाशिककर गोदावरीच्या पुराची पातळी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून ओळखतात. पण पाणी ओसरल्यावर सराफ बाजार, भांडी बाजार परिसरातील माणसांच्या मनात काय साचून राहिले, हे दाखवणारी तशी खूण नाही. तिथे आधार पोहोचवण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मानसिक प्रथमोपचाराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत त्याचे सूत्र ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ असे आहे आणि थोडे प्रशिक्षण घेतलेला स्वयंसेवकही तो देऊ शकतो. गाळ भरलेल्या दुकानात भिजलेल्या खतावणीचे एकेक पान सुटे करत बसलेल्या काकांना “नेमकं काय झालं?” असे खोदून विचारायचे नसते, शेजारी बसावे, पाणी द्यावे, ते बोलले तर ऐकावे आणि पंचनाम्याची चौकशी कुठे करायची ते सांगावे. घडलेले लगेच वदवून घेतले की मन मोकळे होते, ही समजूत चुकीची असून त्याने त्रास वाढूही शकतो.

दुसरा मार्ग ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो. घरच्यांसमोर रडता न येणाऱ्याला रात्री दोन वाजता तोच जवळचा वाटेल; मात्र फोन त्यालाच करावा लागतो, आणि खचलेल्या माणसाकडून नेमके तेच होत नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात मी दारात जाणाऱ्या माणसालाच पसंती देईन. निघताना त्याने हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून द्यावा आणि काकांची तयारी असेल तर पहिला फोन स्वतःच्या मोबाइलवरून लावून द्यावा.