एम-३३चा नट, एक पट्टी आणि उद्यमनगरातला बिनपाटीचा वेल्डर

माझी गाडी २००२ची होंडा अकॉर्ड, २.३ लिटर. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ साधणारा पट्टा) घरीच बदलायला काढला आणि क्रँक पुलीच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या, बोल्टापाशी घोडं अडलं. कंपनीनं सांगितलेला आवळायचा जोरच (टॉर्क) २४५ न्यूटन-मीटर, वर वीस वर्षांचा गंज. इतर गाड्यांना पाना टेकवून स्टार्टरचा झटका देतात, बोल्ट सुटतो. हे इंजिन उलट्या बाजूला फिरतं. झटका दिला तर बोल्ट आणखी आवळतोय! पुली धरून ठेवायला तिच्या तोंडावर ५० एमएमचा षटकोनी खळगा दिलाय. त्यात बसेल असं हत्यार ऑनलाइन मिळतं, पण यायला आठ दिवस, आणि गाडी घोड्यांवर (स्टँडवर) उचललेली.

एम-३३, म्हणजे ३३ एमएमच्या बोल्टाच्या नटाचं बाहेरचं माप बरोबर ५० एमएम. आत आरपार भोक, त्यातून बोल्टाची १९ची गोटी (सॉकेट) आरामात जाते. नट लोखंडी पट्टीला वेल्ड केला की पुली धरायचं हत्यार तयार. पण एम-३३ हे आडनिडं माप. दुकानात एम-३० नाहीतर एम-३६, म्हणजे ४६ नाहीतर ५५. तिसऱ्या दुकानात डब्याच्या तळाशी एकच गंजका नट निघाला, ८० रुपये. व्हर्नियर लावला, ४९.६. चालतंय की.

पहिल्या वेल्डरचं नाव घेत नाही. चार टाके मारले, ‘काय होत नाही ओ’ म्हणून हातात दिलं. पान्यावर चढवलेल्या पाईपवर भार टाकला तसा नट पट्टीवरून उडाला आणि माझी बोटं फेंडरच्या कडेवर.

मग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आतल्या गल्लीत गेलो. पाटी नाही, बाहेर मोडका लेथ पडलाय, तीच खूण. मिस्त्रींनी आधी विचारलं, “कशाला पायजे, पाव्हणं?” सगळं ऐकून घेतलं. नटावरचा जस्ताचा थर ग्राइंडरनं घालवला, कडेला खाच काढली. पट्टी नवी घेतली, १० एमएम जाड, अडीच फूट. गोटी माझ्याकडून मागून घेतली आणि पट्टीचं भोक तिच्यावर बेतलं. मग तीन फेऱ्यांत वेल्डिंग. मी पाण्यात बुडवायला निघालो तर हात धरला, “तडा जाईल. गार होऊ दे आपलं आपण.” पट्टीसकट ३५० रुपये. तक्रार एकच: ‘अर्ध्या तासात देतो’ म्हणाले, मिळालं दिवे लागल्यावर.

दुसऱ्या दिवशी डावं चाक काढून नट खळग्यात बसवला, पट्टी पुढच्या बंपरच्या बाजूला तिरकी जमिनीवर टेकवली, खाली लाकडाचा ठोकळा. गोटीच्या दांड्यात चार फुटी पाईप घालून वर उचलला. पट्टी जराशी वाकली, वेल्डिंग हललं नाही. मग कडाक्! बोल्ट सुटला. शेजारचे काका गॅलरीत आले, त्यांना वाटलं काहीतरी मोडलं.

या इंजिनात बॅलन्सर शाफ्टचा (थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) दुसरा बेल्टही असतो, तोही लगेच बदलून घ्या, पुन्हा कोण उघडतंय. बोल्ट परत आवळताना पट्टी मागच्या बाजूला टेकवायची, हे मला नंतर सुचलं.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या संध्याकाळचा कापला. जाताना गोटी सोबत न्या आणि रोख पैसे ठेवा, मिस्त्री मोबाईलवर पैसे घेत नाहीत.