दरीतल्या घरासाठी वेदर रेडिओ: घ्यावाच

‘टोर्नेडो दरीत उतरत नाही’ हा समज जीवघेणा आहे. 21 जुलै 1987 ला यलोस्टोनजवळ एका टोर्नेडोने थेट पर्वतरांग ओलांडली. 27 एप्रिल 2011 ला अलाबामातलं टेनेसी नदीचं खोरं उद्ध्वस्त झालं. म्हणूनच अमेरिकेतल्या ‘नोआ’ या सरकारी हवामान संस्थेची, वेदर रेडिओवर वादळाचे इशारे देणारी मोफत प्रसारणसेवा मोलाची. अडचण एकच, पण मोठी: 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झच्या लहरी डोंगराआड नीट पोचत नाहीत. प्रसारणाचा टॉवर ज्या बाजूला असेल तिकडच्या खिडकीत रेडिओ ठेवा, अँटेना पूर्ण ओढा आणि सातपैकी तुमच्या काउंटीचे (जिल्ह्यासारख्या विभागाचे) इशारे देणारी, सर्वांत स्पष्ट ऐकू येणारी वाहिनी निवडा. काउंटीचा सहा आकडी कोड (अलाबामातल्या हंट्सविलच्या मॅडिसन काउंटीसाठी 001089) घालाच. नाहीतर शेजारच्या काउंट्यांसाठीही भोंगा वाजतो आणि वैतागून लोक रेडिओच बंद करतात. बॅटऱ्या आधीच घालून ठेवा, वादळात वीज आधी जाते.