१३ शर्टांना डीटीएफ, १४ शर्टांना स्क्रीन: या धंद्यात यावं का?

टी-शर्ट छापायच्या दोन पद्धती: स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीतून शाई ढकलून छापणं आणि डीटीएफ म्हणजे फिल्मवर छापलेलं डिझाइन गरम प्रेसने शर्टावर चढवणं. १३ टी-शर्टांची ऑर्डर आली तर डीटीएफ करावं, १४ ची आली तर स्क्रीन लावावी. हिशोब असा. समजा, एकरंगी डिझाइनला पॉझिटिव्ह (डिझाइनची काळी फिल्म), जाळीवर उजेडाने घट्ट होणारं कोटिंग, एक्स्पोज (उजेड पाडून डिझाइन जाळीवर उतरवणं) आणि शाई जुळवणं धरून ५०० रुपये जातात आणि पुढे दर शर्टामागे शाई-मजुरीचे ८. डीटीएफला आधीचा खर्च जवळपास नाही, पण दर शर्टामागे ४५. म्हणजे १३ शर्टांना स्क्रीनचे ६०४ आणि डीटीएफचे ५८५ होतात, तर १४ शर्टांना ६१२ आणि ६३०. आता तेच डिझाइन चार रंगांचं करा. चार स्क्रीनचे २,००० आणि शर्टामागे २२ धरले, तर स्क्रीन स्वस्त पडायला ८७ शर्ट लागतात, तेही एका रुपयाने. आकडे मी सोयीसाठी गोल केलेत. तुमच्या गावातला दर टाकून तुमचा आकडा काढा.

मी कोल्हापुरात बावीस वर्षं स्क्वीजी (शाई ढकलायची रबरी पट्टी) ओढतोय. दर जूनमध्ये बारावी झालेलं एखादं पोरगं मामाला नाहीतर काकाला घेऊन दुकानात येतं. मामाच विचारतो, "ह्या लाइनला पुढं काय स्कोप हाय काय?" त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण स्क्रीन प्रिंटिंग नावाचा एकच धंदा आता उरलेला नाही. लग्नपत्रिकेवर सोनेरी नावं छापणारा, मंडळाचे शर्ट छापणारा आणि गाडीच्या मागच्या काचेवर चांदीच्या रेघा छापणारा, तिघं जाळीतूनच शाई ढकलतात. पण तिघांचं भविष्य एक नाही.

गेलेलं काम आणि राहिलेलं काम

व्हिजिटिंग कार्ड गेलं. एका मोठ्या शीटवर अनेकांची कार्डं एकदम छापून देणाऱ्यांपुढे आमचा टिकाव लागणं शक्यच नव्हतं, त्यामुळे मला त्याचं दुःखही नाही. खेळाच्या जर्सीही गेल्या. इथे तालमींचं फुटबॉल म्हणजे काय असतं ते शाहू स्टेडियमच्या बाहेर उभं राहिल्यावर कळतं. प्रत्येक जर्सीवर वेगळा नंबर, वेगळं नाव, वर पट्टे आणि छटा. हे काम स्क्रीनला कधी नीट जमलंच नव्हतं. सब्लिमेशनने, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून ती धाग्यात उतरवणाऱ्या पद्धतीने, ते सहज केलं. पण सब्लिमेशनची शाई पॉलिस्टरवरच आणि तीही फिक्या रंगावरच धरते. काळ्या सुती शर्टावर ती काही कामाची नाही.

लग्नपत्रिका अर्धी राहिली. पूर्वी पाचशे पत्रिका नेणारा आता शंभर-दीडशे नेतो आणि बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतो. पण मरून जाड कागदावर उठावदार सोनेरी अक्षर हवं असेल तर गिऱ्हाईक अजून आमच्याकडेच येतं. शाईचा थर जाड आणि झाकणारा असणं हीच स्क्रीनची खरी ताकद. ऑफसेटचा थर त्यापुढे फारच पातळ.

कापडी पिशव्यांचं काम उलट वाढलं. २०१८ च्या राज्यातल्या प्लास्टिकबंदीनंतर दुकानदार सुती पिशवीवर नाव टाकायला येऊ लागले. एक रंग, पाचशे नग, खरखरीत कापड. स्क्रीनला याहून सोयीचं काम नसेल.

राहता राहिले गणपती मंडळांचे शर्ट. इथे डीटीएफ आणि स्क्रीन समोरासमोर येतात. डीटीएफमध्ये डिझाइन आधी पारदर्शक फिल्मवर छापतात, त्यावर चिकट पावडर टाकून ती वितळवतात आणि मग हीट प्रेसखाली १५०-१६० अंशांवर काही सेकंद दाबून शर्टावर चढवतात. फोटो, छटा, पंचवीस रंग, सगळं एका दमात. पण छातीभर डिझाइन असलं की ते प्लास्टिकच्या पापुद्र्यासारखं बसतं आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत आठ तास ढोल वाजवणाऱ्याला विचारा, त्याखाली घाम कसा साचतो ते. स्क्रीनची पिगमेंट शाई (पाण्यातली पातळ शाई) कापडात मुरते. आता खरं सांगायचं तर गडद शर्टावर पिगमेंट दिसत नाही, तिथे आम्हीही रबर शाई किंवा प्लास्टिसोल (प्लास्टिकची जाड शाई) लावतो आणि पापुद्रा आमचाही होतोच. त्यामुळे 'स्क्रीन म्हणजे मऊ' ही जाहिरात फिक्या शर्टापुरती खरी धरा.

दुसऱ्याच्या टेबलावर, की स्वतःच्या?

स्वतःचं टेबल टाकायला भांडवल फार लागत नाही, म्हणूनच लोक फसतात. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या फ्रेमा, जाळी, स्क्वीजी, एक्स्पोजिंगची पेटी, टेबल, पाण्याची सोय. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं आणि हातछपाईची सुरुवात तेवढ्यात बसू शकते. बरेच जण पीएम विश्वकर्माबद्दल विचारतात. त्या योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपी, कुंभार, सुतार आहेत, स्क्रीन प्रिंटर नाही.

पैसा उभा राहतो, पण हात उभा राहायला वेळ लागतो. टी-शर्टाला सेंटीमीटरला ४३ ते ५५ धाग्यांची जाळी लागते आणि बारीक अक्षरांच्या कागदकामाला १०० ते १२०. ही गोष्ट पाच मिनिटांत पाठ होते. जाळी आणि कापड यांच्यात किती अंतर ठेवायचं, स्क्वीजी किती कलती धरायची, दुसऱ्या रंगाला शर्ट केसभर सरकलाय हे डोळ्याला कधी दिसतं, हे पाठ होत नाही. प्लास्टिसोल साधारण १६० अंशांवर पिकावी लागते. नाहीतर ती वरून कोरडी दिसते आणि तिसऱ्या धुण्याला भेगा पडतात. शर्ट तोवर दोनशे घरांत गेलेले असतात.

यात कोल्हापूरचा पाऊस धरा. आमचा सगळ्यात मोठा सीझन गणपतीचा आणि त्याच्या आधीचे दोन महिने भिंतींना ओल असते. कोटिंग बोटाला कोरडं लागतं, आतून ओलं असतं. तसंच एक्स्पोज केलं की धुताना अख्खं डिझाइन मोरीत जातं. पहिल्या वर्षी माझ्या अकरा स्क्रीन अशा गेल्या. तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात होतो, म्हणून शिव्या खाल्ल्या, पण तोटा मालकाचा झाला. स्वतःचं दुकान असतं तर तिथेच बंद पडलं असतं.

नोकरीत पगार थोडा, त्यातही बऱ्याच दुकानांत चातुर्मासात पत्रिकांचं काम थांबलं की कारागिराचे दिवस कमी होतात. स्वतःच्या दुकानात मिळकत जास्त, पण उधारी तुमची. मंडळाचे कार्यकर्ते शर्ट नेताना 'वर्गणी जमली की देतो' म्हणतात आणि दसरा उजाडतो. एका मंडळाचे पैसे मला पुढच्या वर्षीच्या ऑर्डरच्या ॲडव्हान्समधून मिळाले, म्हणजे माझेच पैसे मला ॲडव्हान्स म्हणून. निम्मे आधी घेतल्याशिवाय फिल्म काढू नका. निवडणुकीत रोख मिळते, पण पत्रक किंवा पोस्टर छापलंत तर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्यावर असणं लोकप्रतिनिधित्व कायद्याने सक्तीचं आहे. 'नाव नको टाकू' म्हणणाऱ्या पार्टीला परत पाठवा.

मग डीटीएफ मशीनच का घेऊ नये?

ज्याच्याकडे चार-पाच लाख आहेत तो हेच विचारतो. माझं मत: मशीन घेऊ नका, प्रेस घ्या. डीटीएफचा छापील रोल मीटरवर विकत मिळतो. डिझाइन पाठवलं की कुरियरने घरी येतो. हीट प्रेस आणि चांगला संगणक असला की तुम्ही दहा शर्टांची ऑर्डर घेऊ शकता. मशीन घेतलं तर पांढऱ्या शाईची कटकट मागे लागते. ती खाली बसते, मशीन चार दिवस बंद राहिलं तर शाई फवारणारं हेड चोंदतं आणि हेड बदलायचा खर्च महिन्याचा नफा खातो. ज्याच्याकडे रोज काम आहे त्यालाच मशीन परवडतं आणि तो इतरांचे रोल छापूनच ते परवडवतो.

शिवाय मशीन चालवणं कोणीही पंधरा दिवसांत शिकतो. ही सोय तुमची, तशी शेजारच्याचीही. आमच्या गल्लीत दोन वर्षांत तिघांनी मशीन आणली आणि तिघं एकमेकांचा मीटरचा दर पाडत बसलेत.

कारखान्यातली जाळी

ही वाट पोरांना कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. सौर पॅनेलच्या सेलवर केसाहून बारीक चंदेरी रेघा असतात, त्या चांदीच्या पेस्टने स्क्रीनमधूनच छापतात. गाडीच्या मागच्या काचेवरच्या गरम होणाऱ्या रेघा, पुढच्या काचेची काळी किनार आणि तिच्या कडेचे ठिपके, वॉशिंग मशीनचं बटणांचं पॅनेल, रक्तातली साखर तपासायच्या अनेक पट्ट्यांवरचे कार्बनचे इलेक्ट्रोड, सगळं जाळीचंच काम. इथे डिजिटलला अजून सहज शिरता आलेलं नाही. कारण काम रंग दाखवण्याचं नाही, ठरलेल्या जाडीचा थर बसवण्याचं आहे.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या यंत्रांच्या नेमप्लेट आणि सूचनापट्ट्या मीही छापतो. तेल, ग्रीस, थिनर लागूनही अक्षर पुसलं जाऊ नये, एवढीच त्यांची अट असते. नग थोडे, दर चांगला, पैसे उशिरा पण चेकने. मोठ्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून जायचं तर आयटीआय किंवा डिप्लोमा असलेला बरा. तिथे शिफ्ट, पीएफ आणि मोजमापाची शिस्त असते. टेबलावरची मोकळीक नसते. ठेकेदारामार्फत घेतात की कंपनीच्या पटावर, हे आधी विचारा, कारण सगळा फरक तिथेच पडतो.

वयाबद्दल आणि अंगाबद्दल

उभं राहून दिवसाला दोन-तीनशे हात मारले की चाळिशीत उजवा खांदा बोलायला लागतो. थिनरचा वास बंद खोलीत डोक्यात जातो. जुन्या दुकानांत कोटिंगमध्ये बायक्रोमेट हे क्रोमियमचं रसायन घालत. बोटं पिवळी व्हायची आणि आम्ही ती अभिमानाने मिरवायचो. त्यातलं क्रोमियम कर्करोग करणारं आहे आणि कातडीला जखमा करतं. डायझो किंवा फोटोपॉलिमर इमल्शन, म्हणजे बायक्रोमेट नसलेलं कोटिंग, थोडं महाग पडतं, पण ज्या दुकानात अजून बायक्रोमेटची नारिंगी पूड डब्यात दिसेल तिथे शिकायला राहू नका.

माझा भाचा या वर्षी आलाय. त्याला मी श्रावणापासून दसऱ्यापर्यंत दुकानात ठेवलंय, पगारावर. शर्ट छापायला अजून दिलेले नाहीत. सध्या तो जाळ्या ताणतो, धुतो आणि वहीत प्रत्येक ऑर्डरचे नग, रंग, कापड आणि उधारीचा दिवस लिहितो. डीटीएफच्या ऑर्डरी बाहेरून रोल मागवून तोच प्रेसवर चढवतो. काल वही बघितली. त्याने आपणहून शेवटी एक रकाना वाढवलाय, 'दुसऱ्या पद्धतीने किती पडलं असतं' असा. त्या रकान्यात माझ्या तीन ऑर्डरी तोट्यात निघाल्यात. तिन्ही चार रंगांच्या, पन्नासच्या आतल्या, आणि मी हट्टाने स्क्रीनवर छापलेल्या.